तीन प्रवाशांचा थांबा

भाची सार्वजनिक धोरण शिकत होती, म्हणजे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, कॅमेरा बंद करून बसत होती. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी आत्या तिला मंत्रीणबाई म्हणायची.

गृहपाठ सोपा होता: आपल्या भागातली एक सेवा घ्या, आकडे पाहा, सुधारणा सुचवा. मंत्रीणबाईंनी पालिकेच्या संकेतस्थळावरून बसथांब्यांचे आकडे उतरवून घेतले. चढावरच्या थांब्यावर रोज सरासरी तीन प्रवासी. तिने दोन पानांत आणि एका रंगीत आलेखात तो थांबा निकालात काढला. प्राध्यापकांनी दहापैकी नऊ गुण दिले आणि अशा सूचना पालिकेच्या नागरिक-सूचना पानावर टाकता येतात, असं जाता जाता सांगितलं. तिने टाकली.

त्या पानाकडे सहा वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. आलेखासकट आलेली सूचना पाहून तिथला कारकून इतका हरखला की आठवड्यातच थांब्यावर कागद लागला: सोमवारपासून बंद.

ही बातमी आत्याने गुडघा चोळत जेवताना सांगितली. आता खालच्या चौकातून अख्खा चढ चालून यावा लागणार होता.

"कुणा दीडशहाण्याने लिहिलंय म्हणे, तिघंच चढतात. बाकीचे आम्ही काय भुतं आहोत?"

भाचीने हातातला घास ताटात परत ठेवला. तो दीडशहाणा कोण, हे तिला ठाऊक होतं; प्रश्न वेगळाच होता: मग ते तिघे कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन थांब्यावर गेली. वर्ग घरातच भरत असल्याने या बसमध्ये ती कधी चढलीच नव्हती. दोन तासांत एक्केचाळीस माणसं चढली, त्यातली अडतीस मागच्या दाराने. ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला की इस्पितळवाल्यांकडे कागदी पास असतो, तो नुसता दाखवायचा. यंत्र फक्त पुढच्या दारात आहे आणि त्याला कार्ड टेकवलं तरच ते मोजतं. हे आकडे कुणी बघतं, हे त्याला नवीनच होतं.

ती वही घेऊन तडक पालिकेत गेली. कारकुनाने तिचा आलेख टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. त्याने नियम सांगितला: नागरिकाची सूचना फिरवायची, तर दुसरी सूचना हवी आणि पहिल्या अर्जदाराची हरकत नसल्याची सही.

तिने वहीची पानं जोडून दुसरी सूचना लिहिली आणि दोन्हीकडे सही केली. त्याने दोन्ही सह्या ताडून पाहिल्या.

"पहिल्या बाईंची काही हरकत नाही ना?"

"नाही. त्यांना लाज वाटतेय."

त्याने दोन्हींवर शिक्का मारला. नवीन सूचनेत आलेख नाही, याचं मात्र त्याला वाईट वाटलं.

संध्याकाळी आत्या म्हणाली, कागद काढलाय. मग भाजी वाढता वाढता विचारलं, तो दीडशहाणा सापडला का?

"सापडली. तुझ्यासमोरच जेवतेय."

आत्याने पोळी मोडली, सावकाश चावली.

"मग तिला सांग, जेवण झालं की तेलाची बाटली घेऊन ये. डावा गुडघा."