रक्षिताची ट्रीटमेंट

राजाजीनगरच्या दवाखान्यातून बाहेर पडल्यावरही मोहनकुमारने तोंडावरचा मास्क काढला नाही. चिकपेटेच्या बाजारात त्याचं साड्यांचं दुकान. अर्धं शहर ओळखीचं. कुणी पाहिलं तर?

सकाळी त्याने एका छोट्या डबीत वीर्याचा नमुना दिला होता. डबी देताना नर्सकडे मान वर करून बघायचीही त्याला चोरी झाली होती. प्रयोगशाळेत तो नमुना धुतला, त्यातले चपळ शुक्राणू तेवढे निवडले आणि डॉक्टरांनी ते बारीक नळीने रक्षिताच्या गर्भाशयात सोडले. आययूआय म्हणतात त्याला. टेबलावर झोपलेली रक्षिताच त्याचा हात धरून म्हणाली होती, "घाबरू नका हो."

डॉक्टरांनी पहिल्या तपासण्यांनंतरच स्पष्ट सांगितलं होतं. रक्षिताचं सगळं ठीक होतं. शुक्राणू कमी होते ते मोहनकुमारचे. घरी मात्र तो आईला म्हणाला होता, "रक्षिताची ट्रीटमेंट चालू आहे." इंजेक्शनं तिलाच टोचली जात होती, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. आई काय समजायचं ते समजली आणि त्याने समजू दिलं.

"आज सांगाल?" रिक्षात रक्षिताने विचारलं.

"आज काव्याच्या बाळाचं बारसं. पाहुण्यांसमोर कशाला?"

"पाहुणे नव्हते तेव्हा कुठे सांगितलंत?"

काव्या त्याची धाकटी बहीण, माहेरी बाळंतपणाला आलेली. घरी पोचले तेव्हा पाळणा सजला होता आणि बायका दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. आता बाळ पाळण्याखालून-वरून या हातांतून त्या हातांत जायचं होतं. रक्षिता पदर खोचून पुढे झाली.

"तू स्वल्प मागे थांब गं," भागीरथीबाई, तिच्या सासूबाई, म्हणाल्या. "पेढ्यांचं बघ."

"आई! वहिनी मामी आहे ना त्याची?" काव्या म्हणाली.

"असू दे. पहिलं लेकरू आहे, उगाच कशाला? तिच्यात दोष आहे, ठाऊक नाही का तुला? एवढी औषधं चाललीत, अजून कूस उजवत नाही."

कुणीतरी खाकरलं. मोहनकुमार दारात उभा होता. रक्षिताने एकदाच त्याच्याकडे बघितलं. हळदीकुंकवाला, कुणाच्या ओटीभरणाला, असं तिने आधीही बघितलं होतं आणि दर वेळी तो मोबाईल काढून दुकानाच्या कामाला लागला होता. आजही हात खिशाकडे गेला. मग त्याची त्यालाच किळस आली.

"आई, दोष तिच्यात नाही. माझ्यात आहे."

"काय बडबडतोस? बायकांत कशाला आलास?"

"डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. सुया ती टोचून घेते, पण कमी माझ्यात आहे. मी तुझ्यापासून लपवलं."

त्याचे कान तापले. बायका पाळण्याच्या फुलांकडे बघू लागल्या. भागीरथीबाईंचा हात बाळाच्या दुपट्यावर तसाच राहिला.

"ये गं," त्या अखेर म्हणाल्या. "ये, तू घे."

"नको आई. मी पेढेच बघते."

रक्षिता आत गेली. तो मागोमाग गेला. ती ताटात पेढे मांडत होती.

"रागावलीस?"

"सांगितलंत ते बरं केलंत. पण माझी मान खाली होती तेव्हा तुम्ही शेजारीच होतात, ते कसं विसरू?"

माफी मागायची सोडून तो डब्यातले पेढे काढून तिच्या हाताशी ठेवू लागला.

भागीरथीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. उंबरा ओलांडून आत यायचं त्यांना धाडस झालं नाही.

"मामी आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही म्हणते काव्या," त्या म्हणाल्या. मग हळूच, "मीही म्हणते."

रक्षिताने हात पुसले आणि दोघांकडेही न बघता ती बाहेर गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या..." आवाज कापत होता, पण थांबला नाही.

तो ओट्याशी आणि आई अजून उंबऱ्यापाशीच उभी होती. एकमेकांकडे बघायची दोघांनाही लाज वाटत होती.