नोरीनबाईंचे डेलिया

माणसानं आणि वन्यप्राण्यांनी एकमेकांशेजारी गुण्यागोविंदानं नांदावं, यातच खरी संस्कृती आहे, असं नोरीन पास्को यांचं ठाम मत होतं. बागप्रेमी मंडळाच्या पत्रकात त्यांनी तसा लेखही लिहिला. पत्रक गुरुवारी घरोघरी गेलं. शुक्रवारी पहाटे डँडेनाँगच्या टेकडीवरून एक सांबर उतरलं आणि नोरीनबाईंच्या नऊ डेलियांपैकी चार बुडख्यापर्यंत फस्त करून गेलं.

शनिवारी त्यांनी बंदुकीच्या परवान्याची चौकशी केली.

मार्चमधल्या गावच्या पुष्पप्रदर्शनात ‘एकसारखे तीन डेलिया’ या वर्गाची फिरती ढाल अकरा वर्षं ग्लेनिस टकच्या दिवाणखान्यात होती, आणि अकरा वर्षं नोरीनबाई दुसऱ्या येत होत्या. आता झाडं पाच उरली होती आणि आठवडे तीन.

गावात उपायांना तोटा नव्हता. साबणाच्या वड्या टांगल्या. सांबरानं त्या चाटल्या. रात्रभर रेडिओ लावून ठेवला. श्रोत्यांच्या तक्रारींचा कार्यक्रम संपेपर्यंत सांबर हललं नाही. मग कुणीतरी सांगितलं, पुरुषाच्या लघवीचा वास.

“रोज संध्याकाळी, कुंपणाच्या कडेकडेनं,” त्यांनी नवऱ्याला बजावलं.

“अगं, एवढा साठा आणू कुठून?” लिंडसे म्हणाला.

“बिअर पी.”

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. आठवडाभर त्यानं इमानेइतबारे सेवा केली. सांबर येतच राहिलं, खालची पानं खुडून जात राहिलं. शेजाऱ्यांनी मात्र त्या बाजूला पडदे लावले.

“मी बाई सिंहाचं शेण मागवलंय, थेट प्राणिसंग्रहालयातून,” उताराखाली राहणारी ग्लेनिस फाटकावरून म्हणाली. “तुझा लिंडसे गुणी आहे गं, पण सिंह नाही.”

नोरीनबाई तडक क्रिकेट क्लबात गेल्या. सरावाची जुनी जाळी टाकून द्यायला बाहेर काढलेली होती.

“फाटकी आहे हं,” चिटणीस डेस म्हणाला. “चेंडू आरपार जातात.”

“सांबर चेंडूपेक्षा मोठं असतं, डेस.”

चार दिवस लिंडसे शिडीवर होता आणि नोरीनबाई मासेमारीच्या दोऱ्यानं भोकं शिवत होत्या. सांबर उडी मारतं म्हणून वरूनही जाळी आली. पाच डेलिया फलंदाजासारखे आत उभे राहिले.

पाचव्या पहाटे ते आलं. नाक जाळीला लावलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, पुढचा पाय आपटला. स्वयंपाकघराच्या खिडकीत नोरीनबाईंचा चहा गार झाला. मग सांबरानं एक लांब सुस्कारा टाकला आणि ते वळून, उताराच्या रस्त्यानं, खालच्या घरांकडे निघून गेलं.

“आऊट!” लिंडसे पायजम्यातच ओरडला. नोरीनबाईंनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला सकाळी सकाळी मिठी मारली.

प्रदर्शनात त्यांचे तीन डेलिया ताटाएवढे होते. परीक्षकांनी पट्टी लावली, मागून पुढून पाहिलं, आणि पहिल्या क्रमांकाची निळी फीत बांधली. टाळ्या पडल्या, लिंडसेच्या सर्वांत शेवटी थांबल्या. ग्लेनिसनं ढाल पुसून स्वतः हातात दिली. “शोभते तुला,” ती म्हणाली. नोरीनबाईंनी ढाल छातीशी धरून छायाचित्र काढून घेतलं.

त्या वर्षी त्या वर्गात एकच प्रवेशिका आली होती.