बत्तिसावा बंट

"आज बंट नको. मनसोक्त बॅट फिरव," कोच डेक्लन म्हणाला. "शेवटची मॅच तुझी."

गिरीशने मान डोलावली. पुण्यातली विमा कंपनी सोडून तो भूलतज्ज्ञ बायकोमागे आयर्लंडातल्या टॅला गावी आला, त्याला चार वर्षं झाली. तिथे बेसबॉल खेळणारे मोजकेच, त्यामुळे कुठलीही चाचणी न घेता क्लबने त्याला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, केलं. बॅटिंगला मात्र त्याचं काम एकच. बॅट न फिरवता आडवी धरायची, चेंडू पायांपुढे सोडायचा. आपण बाद, साथीदार एक बेस पुढे. याला सॅक्रिफाइस बंट म्हणतात. गिरीशचे एकतीस झाले होते. हिट, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर गाठलेला बेस, शून्य. पहिल्या बेसवर तो कधी पोचलाच नव्हता. आता खांद्याने संप पुकारला होता, आणि त्याला एक, फक्त एक हिट हवी होती.

शेवटचा डाव, बरोबरी, दुसऱ्या बेसवर साथीदार शेमस. गिरीशने बॅट फिरवली. वारा छान आला.

"डोळे उघडे ठेव!" स्कोअरच्या वहीमागून त्याची बायको वैदेही ओरडली.

दुसरा चेंडू आला. शेमस धावायला टपलेला दिसला, आणि बॅट आपोआप आडवी झाली. चेंडू ओल्या गवतात थबकला. तिसऱ्या बेसवाल्याने धावत येऊन तो उचलला, पण तो हातातून निसटला. शेमस तिसऱ्या बेसवर, गिरीश पहिल्यावर.

हिट, की फील्डरची चूक, म्हणजे आणखी एक बंटच? ते स्कोअरर ठरवणार. वैदेहीचं पेन अधांतरी.

"आई, जस्ट गिव्ह इट टू हिम!" शेजारून पूर्वा म्हणाली. "हूज गोइंग टू चेक?"

वैदेहीने नवऱ्याकडे पाहिलं. भूल देताना पेशंटकडे पाहते, तसंच.

"हातात आला होता गं त्याच्या," गिरीश तिथूनच ओरडला. "बत्तीस लिही!"

"तेच लिहितेय," वैदेही म्हणाली. पण तिने नाक पुसलं.

पुढच्याने उंच मारलेला चेंडू झेलला गेला, पण झेलानंतर धावत सुटून शेमस शेवटच्या बेसवर, 'होम'ला पोचला. जिंकले. सगळे शेमसच्या अंगावर कोसळले.

मग सामान आवरणं सुरू झालं. डेक्लनने तिसरा बेस उचलला, दुसरा उचलला आणि पहिल्यापाशी आला. गिरीश अजून त्यावर उभा होता, दोन्ही पायांनी.

"यू आर ग्रँड," डेक्लन 'असू दे, घाई नाही' अशा आयरिश अर्थाने म्हणाला आणि आधी बॅटा गोळा करायला गेला.