आर्डिथचे पिसासारखे रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे. चव्वेचाळीस नंबरी. माझ्या एका गोळीत पूर्ण वाढीचे अस्वल जागच्या जागी बसवण्याची ताकद आहे, आणि मी ज्याच्या कमरेला असते त्याला अरण्यात भय नाही, असे माझ्या खोक्यावर छापले होते. आजपर्यंत मी फक्त कागदी बशांवर चालले आहे. त्यांतही सगळ्यांना भोक पडले नाही.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या थोरल्या भावंडांना पोलादाचे अंग मिळाले. एकेकाचे वजन दीड किलो. मला मात्र अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अंग आणि टायटॅनियमचे चक्र मिळाले. चक्र म्हणजे सहा काडतुसे बसतात तो माझा फिरता भाग. मी भरले सातशे ग्रॅम. तपासणीच्या माणसाने मला तळहातावर तोलले आणि "वा!" म्हणाला. मग चाचणीच्या दोन गोळ्या झाडल्या आणि नुसता हात झटकत राहिला. तेव्हाच मला कळायला हवे होते. पण मला ते "वा" तेवढे ऐकू आले होते.

तिथून मी मोंटानातल्या लार्च क्रीक गावी वेंडेलच्या दुकानात आले. गळ, गांडुळे, बंदुका आणि शिळी कॉफी एवढे तिथे मिळे. काचेच्या कपाटात मी दोन वर्षे काढली. येणारा प्रत्येक जण मला उचली, "अरे, हे तर पीस आहे!" म्हणे, मला खाली ठेवी आणि शेजारचे पोलादी भावंड घेऊन जाई. इतके कौतुक होऊनही विक्री होत नाही, असे फक्त पुस्तकांचे होते असा माझा समज होता.

मग जून महिन्यात आर्डिथ आली. वय एकाहत्तर, एका खुब्यात धातूचा सांधा, आणि बोलण्यात त्याहून कठीण धातू.

तिची अडचण अशी होती. त्या भागातल्या डोंगरावर ऑगस्टात हकलबेरी पिकते. करवंदाच्या रंगाचे, त्याहून लहान रानफळ. ते कुठल्या उतारावर दाट लागते ही प्रत्येक घराची गुप्त ठेव असते. शेतीची वाटणी होते, घराची होते. हकलबेरीची जागा मात्र मरताना एकाच्या कानात सांगायची. आर्डिथला तिच्या आईने तशीच सांगितली होती, आणि गेली चाळीस वर्षे ती एकटीच तिथे जात होती. पण आदल्या वर्षी त्याच डोंगरावर एका शिकाऱ्याला अस्वलाने सहा तास झाडावर बसवून ठेवले, आणि आर्डिथची मुलगी मार्ला, जी गावातल्या दवाखान्यात परिचारिका होती, तिने पाय रोवले.

"आई, या वर्षी मी बरोबर येणार."

"म्हणजे तुला जागा कळणार."

"अगं, मी तुझी मुलगी आहे!"

"म्हणून तर. माझ्यानंतर तुलाच कळेल."

"म्हणजे मी काय तुझ्या मरणाची वाट बघू?"

"बघ की. तुला घाई काय आहे?"

मार्लाने तिखट फवाऱ्याचा डबा सुचवला. आर्डिथ म्हणाली, वारा फिरला तर अस्वलाऐवजी मलाच ठसका लागेल. शेवटी तह झाला. आर्डिथने बंदूक घ्यायची, आणि मार्लासमोर सात पावलांवरच्या कागदी बशीला सहापैकी पाच गोळ्या मारून दाखवायच्या. जमले तर एकटीने जायचे. नाही जमले तर मार्ला बरोबर, आणि जागा उघड.

आर्डिथने दुकानात पोलादी भावंड उचलले, खुब्याला हात लावला आणि ते खाली ठेवले. मग मला उचलले.

"वेंडेल, हे चालेल."

वेंडेल शाळेत तिच्या वर्गातला. "पीस आहे, आर्डिथ," तो म्हणाला. अर्ज भरला, तिच्यावर काही गुन्हा नाही ना याची फोनवरून चौकशी झाली, आणि मी तिची झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेलो. आर्डिथने मोठी काडतुसे भरली, चाप ओढला आणि मित्रांनो, मला पहिल्यांदा माझा खरा स्वभाव कळला. धक्का सोसायला अंगात वजन लागते. माझ्यात ते नाही, म्हणून सगळा धक्का मी धरणाऱ्याला देऊन टाकते. माझा दस्ता तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात रुतला, नळी आकाशाकडे गेली, टोपी मागे पडली. बशी शाबूत. "मेल्या!" आर्डिथ म्हणाली. ते तिचे माझ्याशी पहिले बोलणे. दुसरी गोळीही बशीला भेटली नाही. तिसऱ्या वेळी चक्रच फिरेना. हलक्या अंगाचा हाही एक गुण. धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या सैल होऊन पुढे सरकतात आणि चक्र अडते. अशा वेळी अस्वलाला थोडे थांबायला सांगावे लागते.

ती तडक दुकानात गेली.

"पीस आहे म्हणालास ना रे?"

"उचलायला म्हणालो. झाडायला कुठं म्हणालो?"

"आधी सांगायला तोंड शिवलं होतं?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?" वेंडेलने अडकलेली काडतुसे काढली आणि एक वेगळा डबा पुढे सरकवला. "ही घे. जात तीच, पण धाकटी पाती. आखूड, दारू कमी. यात बसतात."

"यांनी अस्वल थांबेल?"

"अस्वलासाठी मोठी भर. मुलीसाठी धाकटी."

पुढचे तीन आठवडे आर्डिथ सकाळी खाणीत धाकटी काडतुसे झाडी आणि मार्ला येण्याच्या वेळी ओव्हनचे जाड हातमोजे घालून बसे. सुजलेला हात झाकायचा म्हणून तिने इतके केक भाजले, की मार्लाने शेवटी विचारले, "कुणाचं लग्न आहे का?"

परीक्षा जुलैत झाली. मार्लाने कुंपणाच्या खांबाला बशी ठोकली आणि सात पावले मोजली; नर्सच्या इमानाने मोजली. आर्डिथची पहिली गोळी खांबाच्या डावीकडून गेली. मार्लाने डोंगराकडे पाहिले, जणू जागा तिला आताच दिसू लागली होती. माझ्या दस्त्याला आर्डिथच्या तळव्याचा घाम जाणवत होता. यापुढे एकही चुकवून चालणार नव्हते. तिने श्वास सोडला आणि पाच गोळ्या झाडल्या. बशीला पाच भोके पडली.

"बघितलंस?"

मार्ला खांबापर्यंत गेली, बोटाने भोके मोजून आली. मग म्हणाली, "आण इकडं. मी एक मारून बघते."

आर्डिथच्या डाव्या खिशात धाकटी काडतुसे होती आणि उजव्या खिशात मोठी. तिने उजव्या खिशात हात घातला.

मी तेव्हा बोलू शकले असते तर बोलले असते का? खरे सांगायचे तर नाही. मी तिचे रिव्हॉल्व्हर होते.

तो आवाज मार्लाच्या अपेक्षेत नव्हता. मी तिच्या हातातून जवळजवळ सुटलेच. तिने मला खाली ठेवले, मनगट काखेत दाबले आणि आईकडे असे पाहिले, जसे तिने आयुष्यात कधी पाहिले नव्हते.

"आई, हे तू सहा वेळा झाडलंस?"

"सवय लागते गं," आर्डिथ म्हणाली.

मार्लाने स्वतःच्या मनगटाला स्वतःच पट्टी बांधली आणि परवानगी दिली.

ऑगस्टाच्या दुसऱ्या आठवड्यात आर्डिथ एकटी निघाली. कमरेला मी, माझ्या पोटात सहा मोठी काडतुसे, तिच्या हातात दोन बादल्या. जागा कुठे आहे ते मी सांगणार नाही. झुडपे होती, पाने होती, फळ मात्र एकही नव्हते. मेअखेरीच्या गारठ्याने सगळा मोहर करपला होता. आर्डिथ तासभर एका खडकावर बसली, सोबतचे सँडविच खाल्ले आणि म्हणाली, "निदान एकटी तरी आले."

खाली उतरल्यावर वेंडेलने विचारले, "हकलबेरी कशी मिळाली?"

"काही नाही रे. एक दाणा नाही."

त्या गावात ज्याच्या बादल्या भरतात तो हेच सांगतो. वेंडेलने डोळा मारला. "म्हणजे दोन्ही बादल्या!" संध्याकाळपर्यंत आर्डिथची जागा ओसंडून वाहत असल्याचे गावभर झाले.

मित्रांनो, याला बारा वर्षे झाली. आर्डिथ मला पोलादी पेटीत कुलूप लावून ठेवते, वर्षातून दोनदा तेल देते आणि दर ऑगस्टात डोंगरावर नेते. तीच सहा काडतुसे. तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे की, कुठलीही वस्तू तिच्या हलकेपणावर भाळून घेऊ नका. तिचा भार कुणाला तरी सोसावा लागतोच. आणि घेतलीत तर तिला कुलपात ठेवा, कोरडी ठेवा, तिला वाऱ्यावर सोडू नका.

राहता राहिले अस्वल. डोंगरावर फळ नसले की अस्वले खाली उतरतात. त्या पहिल्या वर्षी आर्डिथ खडकावर बसली होती, तेव्हा एक अस्वल मार्लाच्या परसातल्या सफरचंदाच्या झाडावर होते, आणि मार्ला न्हाणीघरात कडी लावून बसली होती. साडेचार वाजता ते पोट भरून निघून गेले.