दशरथरावांचा खोकला

“तुमच्या मोज्यांना वास येतोय हो.”

“म्हणजे नाक ठणठणीत आहे तुझं. चल घरी.”

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे खुर्च्या एकमेकींना चिकटून होत्या. शेजारच्या जोडप्याची ही कुजबुज ऐकून सत्यशीलाबाईंना त्या बाईचा हेवा वाटला. मोजे हातभर अंतरावर होते, आणि सत्यशीलाबाईंना कसला म्हणजे कसला वास येत नव्हता.

तीन वर्षं झाली होती. नाकात मांसाचे कोंब वाढले, श्वास कोंडला, आणि त्याच्याही आधी कधीतरी वास गुपचूप निघून गेला. आता वारज्यातल्या निम्म्या सोसायट्यांत काळा मसाला जायचा तो यांच्या हातचा. मसाल्याची भाजणी काही डोळ्यांनी होत नाही. खोबरं लाल दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच म्हणून समजा. नाक गेलंय हे बाहेर कळलं तर मसाला कोण घेणार? म्हणून बाईंनी ते घरातसुद्धा कळू दिलं नाही.

मग मसाला बिघडला कसा नाही? त्याचं कारण दशरथराव. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले त्यांचे मिस्टर भाजणीच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात पेपर घेऊन बसायचे आणि खोबरं होत आलं की बरोबर खोकायचे. खोकला ऐकला की बाई गॅस बंद करायच्या. वासाला खोकतात बिचारे, आपल्या पथ्यावर पडतंय, असं त्यांना वाटायचं.

“वास येतो का?” डॉक्टरांनी विचारलं.

मिस्टर शेजारीच बसलेले. “येतो की, थोडाफार,” बाई म्हणाल्या.

मग चष्म्याचं घर आत राहिलं असं सांगून बाई एकट्याच परत गेल्या आणि खरं काय ते बोलून आल्या.

“ऑपरेशननं श्वास मोकळा होईल,” डॉक्टर म्हणाले. “वासाची खात्री देत नाही. कुणाला लवकर येतो, कुणाला महिने लागतात, कुणाला अर्धाच येतो. लवंग, लिंबू, निलगिरी रोज दोनदा हुंगत राहा.”

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. श्वास सुटला, घोरणं थांबलं. एवढ्या शांततेत झोप लागत नाही, अशी दशरथरावांची तक्रार सुरू झाली. सून निकिता रोज विचारायची, “आई, श्वास कसा आहे?” वासाचं नाव कुणीच काढत नव्हतं. बाईंना ते बरंच वाटायचं. त्याचं नवल वाटायला हवं होतं, ते मात्र सुचलं नाही.

गच्चीवर जाऊन बाई चोरून लवंग-निलगिरीच्या डब्या हुंगायच्या. पाच आठवडे लवंग म्हणजे नुसती काडी. सहाव्या आठवड्यात लिंबू चिरताना नाकात काहीतरी हललं आणि गेलं. ती फोड हातात घेऊन बाई दुपारपर्यंत हिंडत होत्या.

मार्च संपताना चौदा एप्रिलच्या जयंतीच्या जेवणांसाठी मसाल्याच्या ऑर्डरी आल्या. नेमकी दशरथरावांना सर्दी. तरी रुमाल घेऊन ते दारात बसलेच. कढईत खोबरं पडलं, आणि दोन मिनिटांत ते खोकले.

बाईंचा हात सवयीनं गॅसच्या बटणाकडे गेला आणि तिथंच राहिला. काहीतरी येत होतं. बारीक, लांबून कुणी हाक मारावी तसं. गोडसर, तेलकट. खोबरं होतं ते, पण भाजलेलं नव्हे.

ते पुन्हा खोकले, जरा जोरात. निकिता मिरच्यांची देठं काढायची थांबली.

तिसऱ्यांदा खोकले.

“पुरे हो,” बाई म्हणाल्या. “कच्चं आहे अजून.”

पेपर खाली आला. बाई उलथनं फिरवत राहिल्या. गोडसरपणा जाऊन खरपूस वास चढला, तसा त्यांनी गॅस बंद केला. डोळ्यांत पाणी आलं होतं. मिरच्या अजून कढईत पडायच्या होत्या, त्यामुळे दोष त्यांच्यावर टाकता येईना.

“सर्दी झालीय ना तुम्हाला? मग खोबरं झालेलं कळलं कसं?”

“नाही कळलं. अंदाजानं खोकलो.”

“पण खोकायचं कशाला?”

दशरथरावांनी पेपरची घडी घातली, परत उलगडली. निकिता मान खाली घालून एकच मिरची निवडत होती.

“तुला वास येत नव्हता म्हणून,” ते म्हणाले. “तीन वर्षं येत नव्हता.”