हाफिजाची ओळ

चिमणाबाईंच्या हाताखाली वीस वर्षांत शेकड्यानं पोरी वाचायला शिकल्या. एक हाफिजा तेवढी राहिली. कल्हईवाल्या निसारभाईंची ही लेक ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची. पण पुस्तक पुढं आलं की 'घ' आणि 'ध' तिला एकच दिसत, नजर ओळीवरून घसरे. चिमणाबाईंनी छड्या मारल्या, दोनदा दुसरीतच बसवली.

१९५३ च्या जूनमध्ये दुसरीचा वर्ग मीनाक्षी नावाच्या नव्या बाईंकडं गेला. त्यांनी हाफिजाला परातीतल्या वाळूत बोटानं अक्षरं गिरवायला लावली. एका वेळी एकच ओळ दिसावी म्हणून पुठ्ठ्याला खाच पाडून पट्टी करून दिली. दिवाळीपर्यंत पोरगी अडखळत का होईना, वाचू लागली.

निसारभाई शाळेत आले. "बाई, तुमच्यामुळं माझी पोर वाचती की!" म्हणून मीनाक्षीबाईंपुढं हात जोडले. शेजारी उभ्या चिमणाबाईंकडं त्यांनी पाहिलंही नाही. त्या दिवशी चिमणाबाईंनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

शाळेच्या तपासणीच्या दिवशी पोरी प्रार्थनेला गेल्यावर त्यांनी हाफिजाच्या दप्तरातली पट्टी काढून घेतली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी वाचायला नेमकं हाफिजालाच उठवलं. तिनं दप्तर उपसलं. पट्टी नाही. दारातून बघणाऱ्या चिमणाबाईंचा जीव जरा थंडावला. मग हाफिजानं ओढणीचा काठ खालच्या ओळींवर धरला आणि वाचायला लागली. थांबत, पण सगळा धडा.

"शाब्बास! कुणी शिकवलं?"

"मीनाक्षीबाईंनी."

"अक्षरं चिमणाबाईंनी घोटून घेतलीवती, साहेब," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं, असं चिमणाबाईंना झालं.

शाळा सुटल्यावर त्या मीनाक्षीबाईंसमोर उभ्या राहिल्या. "पट्टी मी घेतली. वीस वर्षांत माझ्यापुढं कुणाच्या बापानं हात जोडले न्हाईत."

मीनाक्षीबाईंचा चेहरा लाल झाला. "मला काय सांगताय? पोरीला सांगा."

दुसऱ्या दिवशी चिमणाबाईंनी हाफिजाला सांगितलं. "मला वाटलं, मीच हरवली," ती म्हणाली.

चिमणाबाईंच्या वर्गात आक्काताई नावाची, हाफिजासारखीच अक्षरांत गोंधळणारी एक मुलगी होती. वाळूत कसं गिरवून घेतात ते त्यांनी मीनाक्षीबाईंना विचारलं, आणि आठवडाभर त्यांच्याजवळ बसून शिकून घेतलं. मीनाक्षीबाई दाखवायला लागल्या की आतून अजून जळायचंच. तरी आक्काताईचं बोट धरून चिमणाबाई रोज 'घ' काढत राहिल्या.