शंभर टक्के उपस्थिती

हर्षलाने चार महिने दर रविवारी गावच्या समाजमंदिरात वर्ग घेतले. ऊन का वाढतंय, नदीचं पाणी कोण उचलतं आणि शेजारच्या रसायन कंपनीचं दुसरं धुराडं कोणाच्या भल्याचं, असे विषय. वर्ग जोरात चालला. भाजी विकणारी गौराबाई तर गिऱ्हाइकाला आधी कार्बन समजावायची आणि मगच मेथीची जुडी द्यायची.

हे सगळं जनसुनावणीसाठी होतं. खालापूरच्या मंगल कार्यालयात लोकांनी उभं राहून हरकत सांगितली नाही, तर धुराडं मंजूर होणार होतं.

सुनावणीला हर्षला पोचली तेव्हा दोनशे खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि माणसं पाच. सुनावणी घेणारे सरकारी साहेब, कंपनीचे दोघे, व्हिडिओवाला आणि मांडीवर रजिस्टर घेतलेला पंचायतीचा शिपाई हिरामण. रजिस्टरात एकशे बारा सह्या होत्या.

ग्रामसभेला माणसं भरत नाहीत, म्हणून हिरामण आदल्या दिवशीच घरोघर फिरून हजेरीच्या सह्या आणतो. गावाची जुनी सोय. याही वेळी त्याने आणल्या, आणि साहेबांनी त्या जमेस धरल्या.

हर्षलाने गौराबाईला फोन लावला.

"काकी, कुठं हायस?"

"घरीच हाय गं. मी पयल्या पानावर सही केलीय, तुज्यासाठी."

"इथं बोलायचं हाय, काकी. नायतर लिवतील, एकशे बारा हजर, हरकत कुनाचीच नाय."

पलीकडे गौराबाईने कोंबडी हुसकावली आणि कोणाकडे तरी टेंपोची चौकशी केली.

"नीलेशचा टेंपो शिळफाट्याला गेलाय," गौराबाई म्हणाली. "आला की समद्यांना घेऊन निगते. तवर तू लांबव."

साहेबांनी विचारलं, उपस्थितांपैकी कोणाला बोलायचंय का. खुर्च्यांनी मौन पाळलं. हर्षला उठली आणि तिने आधी बोलण्याला वेळेची मर्यादा आहे का ते विचारलं. साहेबांनी नियमांचा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. मर्यादा लिहिलेली नव्हती.

मग तिने पहिल्या रविवारचा वर्ग सुरू केला. पाचव्या रविवारी कंपनीचा एकजण नकळत टिपणं काढू लागला. नवव्या रविवारी साहेबांनी शंका विचारली, आणि शंका चांगली होती. सोळावा रविवार संपला तेव्हा पाच वाजले होते आणि तिचा घसा बसला होता.

बाहेर टेंपो थांबला. तो दुसराच निघाला; त्यातून मंडपाचे बांबू उतरले. उद्या तिथे लग्न होतं.

हर्षला घोटभर पाणी प्यायली.

"आता उजळणी," ती म्हणाली.